वायफाय सोडून सगळं चालतं

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १०च्या डोक्यावरचा हात काढून घेतला. पुढची विंडोज ११ हवी असेल तर टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय हवी, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. घरोघरचे धडधाकट लॅपटॉप असे एका तारखेला म्हातारे ठरले. कीबोर्ड शाबूत, स्क्रीन शाबूत, बिजागरीसुद्धा शाबूत, पण कागदोपत्री निवृत्त.

आणि मग भाचे सरसावले. विंडोजऐवजी चालणारी लिनक्स नावाची फुकट सिस्टिम असते. या देशात तिचा प्रसार कुठल्याही धोरणानं केलेला नाही, तो भाच्यांनी केलाय. खिशातून पेनड्राइव्ह निघतो. "मामा, वीस मिनिटांत टाकून देतो. फुकट! व्हायरसची कटकट नाही, जाहिराती नाहीत. तू फक्त चहा सांग."

वीस मिनिटांचं खरं असतं, हे प्रांजळपणे सांगितलं पाहिजे. चहा येईपर्यंत नवी सिस्टिम बसलेली असते. भिंतीवर एखादा देखणा डोंगर दिसतो, खाली चिन्हांची रांग लागते, मामा कौतुकानं चष्मा पुसतात. मग भाचा वरच्या उजव्या कोपऱ्यात बघतो, जरा जवळ जाऊन बघतो, आणि म्हणतो, "वायफाय सोडून सगळं चालतंय."

हे या पंथाचं राष्ट्रीय वाक्य आहे. त्याच्या आवृत्त्या अनेक. आवाज सोडून सगळं चालतंय. ब्राइटनेस एकतर पूर्ण नाहीतर अंधार, मधलं काही नाही. हेडफोन लावला तरी कीर्तन स्पीकरवरूनच ऐकू येतंय. आणि सर्वात हृदयद्रावक आवृत्ती: झोपतो, पण उठत नाही. म्हणजे झाकण मिटलं की लॅपटॉप झोपी जातो आणि झाकण उघडलं की काळा चेहरा करून बसतो.

इथे मामांना प्रश्न पडतो आणि तो रास्त आहे. नोव्हेंबर २०१७पासून जगातल्या सर्वात वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतला प्रत्येक संगणक लिनक्सवर चालतो. १९ एप्रिल २०२१ला मंगळावर नासाचं इन्जेन्युइटी नावाचं हेलिकॉप्टर उडालं, त्यातही लिनक्सच होतं. मंगळावर हेलिकॉप्टर उडालं आणि पुण्यात नळस्टॉपला वायफाय लागत नाही, हे काय गौडबंगाल आहे?

गौडबंगाल काही नाही. नासाला हेलिकॉप्टरमध्ये काय बसवलंय ते माहीत होतं. मामांना आणि भाच्याला, दोघांनाही, लॅपटॉपमध्ये काय बसवलंय ते माहीत नाही. ज्या कंपनीनं ते बसवलं तिला माहीत आहे, पण ती सांगत नाही.

ड्रायव्हर म्हणजे काय, तर यंत्राशी कसं बोलायचं हे जाणणारा प्रोग्रॅम. कुठल्या पत्त्यावर कोणता आकडा लिहिला की रेडिओ चालू होतो, कुठला बिट फिरवला की आवाज बाहेर येतो, ही सगळी माहिती चिप बनवणाऱ्याकडे असते. तो विंडोजसाठी ड्रायव्हर लिहितो, कारण माल तिथे खपतो. लिनक्ससाठी काही सज्जन कंपन्या लिहितात, काही निदान कागदपत्रं देतात. उरलेल्या कंपन्या ड्रायव्हरही देत नाहीत आणि कागदही देत नाहीत. मग कुठल्यातरी देशात कुणीतरी हौशी माणूस रात्री जागून विंडोजचा ड्रायव्हर त्या चिपशी काय कुजबुजतो हे चोरून ऐकतो, टिपून घेतो, आणि त्यावरून नवा ड्रायव्हर लिहितो. लिनक्सच्या कर्नलमधला, म्हणजे गाभ्यातला, निम्म्याहून अधिक कोड हा असा किंवा तसा, पण ड्रायव्हरांचाच आहे. तरी ज्या एका चिपचा ड्रायव्हर नाही, त्यावरून मामा ठरवतात की लिनक्स बेकार. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण जणू याच प्रसंगासाठी जन्मली होती.

खरं तर लिनक्स ज्यात वाढलं ती मुक्त सॉफ्टवेअरची अख्खी चळवळच ड्रायव्हरच्या भांडणातून उगवली. १९८०च्या सुमारास एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा एक लेझर प्रिंटर आला. कागद सारखा अडकायचा. रिचर्ड स्टॉलमन तिथे प्रोग्रॅमर होता. आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये त्यानं स्वतः सोय केली होती की कागद अडकला की वाट बघणाऱ्यांना संगणकावर निरोप जाईल. नव्या प्रिंटरचा मूळ कोड मात्र मिळेना. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या एका माणसाकडे तो आहे असं कळलं, म्हणून हा तिथे गेला, तर त्यानं नकार दिला. गुप्ततेच्या करारावर सही केली होती ना! स्टॉलमनच्या डोक्यात जी तिडीक गेली ती गेलीच. सप्टेंबर १९८३मध्ये त्यानं मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला. पुढे इतिहास घडला, चाळीसच्या वर वर्षं उलटली, आणि प्रिंटर आजही अडकतोच.

प्रिंटरचा विषय निघालाच आहे तर आपल्याकडचा लेझरजेट १०२० आठवा. वकिलांच्या टेबलावर, झेरॉक्सच्या दुकानात, सोसायटीच्या ऑफिसात, जिथे बघाल तिथे हा पठ्ठ्या. त्याची गंमत अशी की बंद केला की तो स्वतःचं फर्मवेअर विसरतो. दर वेळी चालू केल्यावर संगणकानं त्याला तू कोण आहेस हे परत सांगायचं. लिनक्समध्ये हे सांगायला कंपनीचं वेगळं बंद प्लगइन लागतं, नाहीतर हौशी मंडळींनी उलटं खोदकाम करून बनवलेला ड्रायव्हर. घाईत असलेल्या अशिलासमोर हे समजावून सांगणं जरा अवघड जातं.

फर्मवेअर हा शब्द आलाच. ड्रायव्हर संगणकात चालतो, फर्मवेअर त्या चिपच्या पोटात. अनेकदा ड्रायव्हर लिहून तयार असतो, पण फर्मवेअरची फाइल वाटायची परवानगी नसते. ब्रॉडकॉमच्या जुन्या वायफाय चिपांसाठी म्हणून लिनक्समध्ये एक खास अवजार होतं. त्याचं काम एकच, कंपनीच्या ड्रायव्हरमधून फर्मवेअर कापून काढणं. लोकांनी आपल्याच पैशांनी घेतलेल्या लॅपटॉपवर हे शवविच्छेदन करायचं आणि मगच ईमेल बघायचं. त्याहून धाडसी मंडळी विंडोजचा ड्रायव्हर उचलून तसाच्या तसा लिनक्सच्या अंगावर चढवायची, त्यासाठीही एनडिसरॅपर नावाची सोय होती. ती कधीकधी चालायचीसुद्धा.

आता एक टोला संन्याशांनाही. डेबियन हे लिनक्समधलं सोवळं घराणं. बंद फर्मवेअर आम्ही अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घेणार नाही, हा त्यांचा बाणा वर्षानुवर्षं होता. बाणा उत्तम, पण इन्स्टॉलर मध्येच थांबून म्हणायचा की अमुक नावाची फाइल दुसऱ्या पेनड्राइव्हवर आणून द्या. फाइल कुठे, तर इंटरनेटवर. इंटरनेट कशावर, तर ज्याच्यासाठी फाइल हवी त्या वायफायवर. शेवटी २०२२मध्ये त्यांनी रीतसर मतदान घेतलं आणि जून २०२३मध्ये आलेल्या डेबियन १२पासून हे फर्मवेअर इन्स्टॉलरमध्ये मिळू लागलं. तत्त्व थोडं वाकलं, वायफाय लागलं. मला हा सौदा मान्य आहे. ज्यांना नाही त्यांनी लॅनची वायर बाळगावी.

वायर नसेल तर खिशातला अँड्रॉइड फोन यूएसबीनं जोडावा आणि टेदरिंग चालू करावं. जवळजवळ नेहमी लागलीच ओळख पटते, ड्रायव्हरचा प्रश्नच येत नाही. लिनक्स मला जमत नाही असं म्हणणाऱ्या माणसाच्या खिशात दिवसभर लिनक्सचंच कर्नल असतं, हे या निमित्तानं त्याच्या कानावर घालायला हरकत नाही.

ग्राफिक्सच्या कार्डांची कथा तर फडावर रंगवून सांगावी अशी. जून २०१२मध्ये फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठात लिनस टॉरवाल्ड्सला कुणीतरी एनव्हिडियाबद्दल विचारलं. लिनक्सच्या जन्मदात्यानं कॅमेऱ्याकडे वळून मधलं बोट दाखवलं आणि कंपनीचं नाव घेऊन छापता न येणारं क्रियापद उच्चारलं. सभागृहात टाळ्या पडल्या. कंपनीनं काय केलं? लगेच काही नाही. उलट २०१४च्या सुमारास आलेल्या कार्डांपासून फर्मवेअरवर कंपनीची सही सक्तीची झाली. परिणामी नुव्हो नावाचा जो हौशी ड्रायव्हर होता त्याला त्या कार्डाचा वेग वाढवता येईना, कार्ड सुरू होताना असतं त्या मंद वेगावरच रखडायचं. मे २०२२मध्ये कंपनीनं कर्नलमधल्या भागाचा कोड खुला केला, तोही फक्त ट्यूरिंग नावाच्या आणि त्यापुढच्या पिढ्यांच्या कार्डांसाठी. महत्त्वाचं बरंच काही फर्मवेअरमध्ये हलवलेलं, वरचा भाग बंदच. आणि हीच कंपनी एआयच्या यंत्रांसाठी लिनक्सवर उत्तम ड्रायव्हर देते, तिथे तिचा सगळा संसारच लिनक्सवर आहे. म्हणजे येतं सगळं. मामांच्या जुन्या कार्डासाठी यायचं कारण नाही, एवढंच.

एएमडीनं २००७मध्ये कागदपत्रं खुली करायला सुरुवात केली. आज एएमडी किंवा इंटेलचं ग्राफिक्स असलेल्या मशिनवर वेगळा ड्रायव्हर टाकावाच लागत नाही, तो कर्नलबरोबर येतो. २०२२मध्ये व्हॉल्व्हनं स्टीम डेक हे खेळायचं यंत्र एएमडीच्या चिपवर आणि लिनक्सवर आणलं. घेणाऱ्यांना त्यात ड्रायव्हर कुठे असतात हेही माहीत नाही. विकणाऱ्याच्या मनात असलं की जमतं ते असं.

दुरुस्तीचे उपाय हा स्वतंत्र विनोदप्रकार आहे. काहीही दुखलं तरी क्रोसिन सांगणाऱ्या शेजाऱ्यासारखी इथे नोमोडसेट नावाची एक गोळी आहे. स्क्रीन काळी? नोमोडसेट. स्क्रीन लुकलुकते? नोमोडसेट. प्रत्यक्षात ते ग्राफिक्स ड्रायव्हरला नीट कामाला लागूच देत नाही. एकदा आत शिरण्यापुरतं ठीक आहे, कायमचं ठेवलं की मशीन रांगायला लागतं आणि मामा पुन्हा म्हणतात लिनक्स बेकार.

त्याहून भयंकर म्हणजे न वाचता चिकटवलेली कमांड. २०११मध्ये बंबलबी नावाच्या एका प्रकल्पाची गोष्ट प्रसिद्ध आहे. दोन ग्राफिक्स कार्डं असलेल्या लॅपटॉपांना वळणावर आणणारी ती गुणी स्क्रिप्ट. त्यात एक फोल्डर पुसायची ओळ होती आणि त्या ओळीत पत्त्याच्या मधोमध एक जादा स्पेस पडली. एक मोकळी जागा, बस. स्क्रिप्टनं ग्राफिक्सचं ते छोटं फोल्डर पुसायचं सोडून अख्खं यूएसआर फोल्डर, म्हणजे सिस्टिमचे झाडून सगळे प्रोग्रॅम, साफ केलं. ग्राफिक्सची अडचण सुटली म्हणायची, कारण ग्राफिक्स दाखवायला काही उरलंच नाही. सुडो, म्हणजे सगळे अधिकार देणारा शब्द, लिहिण्याआधी ओळ वाचा असं म्हातारे लोक सांगतात ते उगाच नाही.

मग सिक्युअर बूट. ही सोय तुमच्या भल्यासाठी आहे, जशा सगळ्याच गैरसोयी असतात. सही नसलेला ड्रायव्हर ती चढू देत नाही. घरी बनलेल्या ड्रायव्हरवर कुणाची सही असणार? म्हणून सिस्टिम तुमच्याच नावाची किल्ली बनवते आणि एक पासवर्ड ठरवायला सांगते. रीस्टार्ट झाल्यावर एक निळी स्क्रीन येते. ती फक्त दहा सेकंद थांबते आणि त्यात तुम्ही एखादं बटण दाबून किल्ली नोंदवायची असते. माणूस नेमका तेव्हा चहाचा कप ठेवायला उठलेला असतो. परत येतो तर डोंगर दिसतोय, चिन्हं दिसतायत, वायफाय नाही. भाचा म्हणतो, "मामा, मध्ये निळं काही आलं होतं का?" मामा म्हणतात, "आलं होतं बाबा काहीतरी, गेलं."

आणि हे सगळं जमलं तरी सुख कायमचं नाही. कर्नलची नवी आवृत्ती आली की बाहेरून आणलेला ड्रायव्हर तिच्यासाठी पुन्हा बांधावा लागतो. डीकेएमएस नावाची यंत्रणा ते आपोआप करते, जेव्हा करते तेव्हा. कर्नलवाले आपली आतली रचना मनाला येईल तेव्हा बदलतात आणि हे ते निक्षून, लेखी सांगतात. त्यांचं म्हणणं असं की तुमचा ड्रायव्हर आमच्या घरात आणून ठेवा, मग आम्हीच तो सांभाळू. म्हणणं बिनतोड आहे. ग्रेग क्रोआ-हार्टमन या कर्नलच्या एका प्रमुख कारभाऱ्यानं २००७मध्ये कंपन्यांना जाहीर सांगितलं होतं की माहिती द्या, आम्ही ड्रायव्हर फुकट लिहून देतो. फुकट! तरी कित्येकांनी माहिती दिली नाही.

विंडोजच्या भक्तांनी इथे फार हसू नये. एक्सपीच्या जमान्यात मदरबोर्डची सीडी हरवली की घरात सुतक असायचं आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी उद्गारचिन्हं मांडीला मांडी लावून बसायची. आज विंडोज ११ नव्यानं टाकायला घ्या. ती सुरुवातीच्या सेटअपमध्येच म्हणते, आधी इंटरनेट जोडा. वायफायचा ड्रायव्हर तिच्याकडे नसेल तर तिथेच अडून बसते. फरक इतकाच की तो त्रास दुकानदारानं तुमच्या नजरेआड सोसलेला असतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर तर वाक्यच आहे, "डॉसवाला घ्या साहेब, स्वस्त पडतो, विंडोज मी मारून देतो."

आता मुद्द्याचं. दुरुस्ती करायचीच असेल तर क्रम पाळा. आधी चिपचं नाव काढा. एलएसपीसीआय ही कमांड आडव्या रेघेपुढे एनएनके ही अक्षरं लावून दिली की प्रत्येक यंत्राचा नंबर आणि त्याला कोणता ड्रायव्हर लागलाय ते दिसतं. नंबरचा पहिला भाग कंपनीचा. इंटेलचा ८०८६, आपल्या जुन्या नामांकित प्रोसेसरच्या नावानं मुद्दाम घेतलेला, मिजास बघा. मग कर्नलचा रोजनामा, डीमेसेज, वाचा. फर्मवेअर सापडलं नाही असं तिथे सरळ लिहिलेलं असतं, पण वाचतो कोण. त्यानंतर उबंटूतलं अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स किंवा मिंटमधला ड्रायव्हर मॅनेजर उघडा आणि तिथून मिळेल तेच घ्या. कंपनीच्या साइटवरची फाइल हाताने चढवण्याची खुमखुमी आवरा. लॅपटॉप नवा असेल तर कर्नलची जुनी आवृत्ती टाकून हट्ट करू नका, नवं कर्नल टाका, निम्मी दुखणी तिथेच संपतात. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये जाऊन स्टोरेज रेड मोडवर आहे का बघा, ते एएचसीआयवर आणावं लागतं. मशीनवर विंडोजही ठेवायची असेल तर तिची आधी तजवीज करा, नाहीतर ती उठायची नाही.

इतकं करूनही वायफाय रुसलंच असेल तर हट्ट सोडा आणि कार्ड बदला. इंटेलचं साधं कार्ड आणून दोन स्क्रू फिरवले की बहुतेक लॅपटॉपात काम भागतं. फक्त दुकानात एएक्स २१० मागा. एएक्स २११ दिसायला तसंच असतं, पण ते इंटेलच्या ठरावीक नव्या बोर्डांवरच चालतं. आणि काही कंपन्यांचं बायोस परकं कार्ड बघितलं की सुरूच व्हायला नकार देतं, तेव्हा आपल्या मॉडेलचं आधी विचारून घ्या.

आपण गिऱ्हाइकंही काही कमी नाही. लॅपटॉप घेताना आय फाइव्ह आहे ना, रॅम किती, बॅग फुकट का, रंग करडा आहे का, एवढं विचारतो. वायफायची चिप कुणाची, हा प्रश्न मी आजवर कुठल्याही काउंटरवर ऐकलेला नाही. खोक्यावर ते लिहिलेलंही नसतं. एकाच मॉडेलच्या एका लॉटमध्ये इंटेल निघतं, दुसऱ्यात रिअलटेक, तिसऱ्यात मीडियाटेक. शेजाऱ्याचं चाललं म्हणून तुमचं चालेल याची खात्री नाही. केंद्र सरकारनं २०१५मध्ये सरकारी कामात मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यायचं धोरण जाहीर केलं. उत्तम. आता हजारांनी संगणक घेणाऱ्या प्रत्येक सरकारी निविदेत एकच ओळ घाला की यातल्या प्रत्येक यंत्राचा ड्रायव्हर मूळ लिनक्स कर्नलमध्ये असला पाहिजे. कंपन्यांना मधल्या बोटापेक्षा ही ओळ लवकर कळेल.

तोवर तुम्ही एवढं करा. नवा असो की सेकंड हँड, लॅपटॉप घ्यायला जाताना लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह खिशात ठेवा. डिस्कला हात न लावता तो चालतो. दुकानातच मशीन त्यावर सुरू करायला सांगा. वायफाय जोडून बघा, गाणं लावून बघा, ब्राइटनेस खालीवर करा, झाकण मिटून उघडा. दुकानदार नको म्हणाला तर पुढच्या दुकानात जा, आणि पैसे त्यानंतरच मोजा.